साधे कोणते, हलके कोणासाठी?

सप्टेंबर २००९मध्ये फेसबुकने आपल्या संकेतस्थळाची एक वेगळी, कमी सामानाची आवृत्ती खुली केली. नाव ठेवले 'फेसबुक लाइट'. ही आवृत्ती सर्वांत आधी दोनच देशांना मिळाली : अमेरिका आणि भारत. ही जोडी मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटत आली आहे. त्या काळी आपल्याकडे बऱ्यापैकी वेगाचे इंटरनेट मोठ्या शहरांपुरते होते. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्याला पान लवकर उघडले तर ते हवेच होते, कारण पान उघडण्याची वाट पाहतानाही घड्याळ चालूच असे. अमेरिकेतल्या माणसापुढे ही अडचण नव्हती. त्याला नकोसा झाला होता तो गोंगाट. कुणी शेतीचा खेळ खेळायला बोलावतो आहे, कुणी प्रश्नमंजूषा धाडतो आहे, कुणी आभासी भेटवस्तू देतो आहे. थोडक्यात, एकाला पूर्ण आवृत्ती परवडत नव्हती आणि दुसऱ्याला ती सोसवत नव्हती. दोघांच्या हाती एकच औषध दिले गेले.

सात महिन्यांत, एप्रिल २०१०मध्ये, ते बंदही झाले. ज्यांनी वापरून पाहिले त्यांचे आभार, या प्रयोगातून पुष्कळ शिकलो, एवढे सांगून कंपनी मोकळी झाली.

तेव्हापासून मी या 'छोट्या' आवृत्त्यांचा माग ठेवत आलो आहे. विषय वरवर तांत्रिक आहे, आणि साहित्याच्या वाचकाला तो कदाचित परका वाटेल. पण गेल्या पंधरा वर्षांत मराठीतले कितीतरी लेखन, कविता, वादविवाद आणि शोकसंदेशसुद्धा फेसबुकच्या भिंतीवर आधी उमटले आणि छापील पानावर नंतर आले, किंवा आलेच नाहीत. ती भिंत कोणाला पूर्ण दिसते, कोणाला अर्धी दिसते, आणि ती अर्धी कुठे कापायची हे कोण ठरवते, हे पाहणे मला वाङ्मयीन व्यवहाराचाच भाग वाटते.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीत प्रकाश या अर्थाचा शब्द आणि 'हलके' या अर्थाचे जाहिरातींतले बोटचेपे स्पेलिंग वेगळे आहे. देवनागरीत दोन्ही 'लाइट' होतात, आणि मराठी घरात 'लाइट' म्हणजे वीज. 'लाइट गेली' हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकले आहे. मी ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे तिथे संध्याकाळी लोक वर्तमानपत्र चाळायला येतात आणि जाता जाता फोन पुढे करतात. 'काका, लाइटवालं टाकू का साधं?' हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. गंमत अशी, की इथे 'साधं' म्हणजे पूर्ण आवृत्ती! साधा डोसा, साधी एसटी, साधी पोस्ट, तसे हे साधे फेसबुक. जे मुळात असते ते साधे आणि ज्याला वेगळे नाव चिकटते ते विशेष. कंपनीच्या लेखी लाइट ही साधी आवृत्ती. वापरणाऱ्याच्या लेखी ते काहीतरी 'वालं'. या लेखात गोंधळ नको म्हणून मी 'पूर्ण' आणि 'हलकी' हे शब्द वापरणार आहे, पण लोकांचा शब्दप्रयोग चुकीचा आहे असे मला मुळीच वाटत नाही. आपल्याला मूळ वस्तू मिळाली आहे की तिचा अवतार, याची त्यांना नेमकी जाण असते.

आज ज्याला आपण फेसबुक लाइट म्हणतो ते २००९चे संकेतस्थळ नव्हे. हे अँड्रॉइड फोनवरचे ॲप जून २०१५मध्ये आले. त्याचे कूळ वेगळे आहे, आणि ते समजून घेतले तर निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो. इस्रायलमध्ये स्नॅपटू नावाची एक छोटी कंपनी होती. बटणांचे, जावावर चालणारे जे स्वस्त फोन होते त्यांच्यावर इंटरनेटवरच्या सेवा चालवण्याची युक्ती तिने साधली होती. फेसबुकने २०११मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी 'फेसबुक फॉर एव्हरी फोन' नावाचे ॲप काढले. ते अडीच हजारांहून अधिक प्रकारच्या फोनांवर चालत असे, आणि जुलै २०१३मध्ये त्याच्या वापरकर्त्यांची संख्या दहा कोटींवर गेली. लाइट ॲप याच घराण्यातले.

युक्ती काय होती? पूर्ण ॲपची तुलना मी शिध्याशी करतो. पूर्वी दारी आलेल्याला डाळ, तांदूळ, पीठ, गूळ असा कोरडा शिधा देत. स्वयंपाक त्याने करायचा. पूर्ण ॲपला कंपनीच्या सर्व्हरकडून असाच कोरडा माल येतो : मजकूर, चित्रांचे पत्ते, कोणी काय म्हटले त्याची यादी. त्यातून पडद्यावर दिसणारे पान शिजवायचे काम फोनचे. त्यासाठी फोनमध्ये चूल हवी, भांडी हवीत, ओटा मोठा हवा. म्हणूनच ते ॲप जड असते आणि कमी मेमरीच्या फोनवर धापा टाकते. लाइटमध्ये डबा येतो. स्वयंपाक सर्व्हरवर होतो, आणि फोन जवळजवळ खिडकीसारखा राहतो : आलेले दाखवायचे, बोट कुठे टेकले ते परत कळवायचे. म्हणूनच २०१५मध्ये हे ॲप एक एमबीपेक्षाही कमी जागेत मावत होते आणि टू-जी जाळ्यावरही चालत होते.

डब्याचे फायदे ज्यांनी परगावी शिक्षण केले त्यांना सांगायला नकोत. तोटेही तेच. डबेवाला आला नाही तर घरात काही नसते. पूर्ण ॲप रेंज गेल्यावर आधी आणून ठेवलेले बरेच काही दाखवू शकते. खिडकीचे तसे नाही, तिला पलीकडे कोणी असावे लागते. शिवाय आज काय शिजवायचे हे खाणाऱ्याच्या हातात राहत नाही. आणि लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे काम कमी झालेले नसते, त्याची जागा बदललेली असते. लाइट हलके असते ते आपल्या हातात. तुमचे खाते तेच, जाहिराती त्याच दुकानाच्या, तुमच्याविषयीची नोंदवहीही तीच. 'लाइट घेतले म्हणजे ते आपल्यावर कमी लक्ष ठेवत असतील' असा एक भाबडा समज सुशिक्षित मंडळींतही आढळतो. त्याला काही आधार नाही.

आता लिपीकडे वळतो, कारण मराठी वाचकाच्या बाबतीत 'हलके' या शब्दाचा अर्थ इंग्रजी वाचकापेक्षा वेगळा होत आला आहे. स्वस्त जावा फोनांच्या काळात अडचण अशी होती, की फोनमध्ये देवनागरी अक्षरेच नसत. मराठी मजकूर उघडला की ओळीने रिकामे चौकोन दिसत; आमच्याकडे त्यांना डबे म्हणत. (वरच्या डब्यांशी याचा संबंध नाही.) त्या वेळी ऑपेरा मिनी हा ब्राउझर लोकप्रिय होता. तोही पान आपल्या सर्व्हरवर आधी शिजवून, दाबून, छोटे करून फोनवर पाठवी. त्याच्यात एक छुपी सोय होती. पत्त्याच्या चौकटीत 'ऑपेरा:कन्फिग' असे, अर्थात रोमन लिपीत, लिहिले की एक यादी उघडे आणि तिच्यात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी अक्षरांची चित्रे वापरण्याचा पर्याय असे. तो चालू केला की डबे जाऊन मराठी दिसू लागे. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली. कॉलेजातली मुले ती एखाद्या मंत्रासारखी एकमेकांना देत. पण मंत्राला दक्षिणा होती. अक्षरे चित्र होऊन येत असल्यामुळे डेटा जास्त लागे, आणि ज्याने पैसे वाचवायला हलका ब्राउझर घेतला त्यालाच मराठी वाचण्याचा भुर्दंड पडे. शिवाय चित्र झालेले अक्षर उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. कवितेतली आवडलेली ओळ टिपून घ्यायची तर वही काढावी लागे. २०११-१२च्या सुमारास अँड्रॉइड फोनांत देवनागरी फाँट येऊ लागला आणि हा प्रश्न हळूहळू मिटला. स्वस्त फोन वापरणाऱ्याच्या बाबतीत तो सर्वांत शेवटी मिटला, हे ओघाने आलेच.

याच संदर्भात एक हिशेब मला मजेचा वाटतो. संगणकात मजकूर साठवण्याची जी रूढ पद्धत आहे तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. 'क्ष' हे एक जोडाक्षर म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण नऊ बाइट! म्हणजे मराठी तिप्पट महाग, असे कोणी म्हणेल. पण 'आई' या शब्दात दोनच चिन्हे, म्हणून सहा बाइट. आणि तिच्या इंग्रजी प्रतिशब्दाला सहा अक्षरे, म्हणून तेवढेच सहा. आपली लिपी आटोपशीर आहे, ती थोडी भरपाई करते. आणि सगळी बेरीज केली तरी आकडा किरकोळच येतो. तुमच्या हातातला हा अख्खा लेख पन्नास केबीच्या आसपास बसावा. फेसबुकवर चढवलेले दिवाळीच्या फराळाचे एखादे बऱ्यापैकी छायाचित्र सहज याच्याहून जड असते. चलतचित्राचे तर विचारायलाच नको. सांगायचे ते हे, की लेखन मुळातच हलके आहे. पूर्ण आवृत्ती जड झाली ती चित्रे, व्हिडिओ आणि ते हलते ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे. ज्याला वाचायचे आणि लिहायचेच आहे त्याची सोय करणे कोणत्याही कंपनीला कधीच अवघड नव्हते.

ती सोय केली गेली तेव्हा कशी केली गेली, हे पाहण्यासारखे आहे. मे २०१०मध्ये, म्हणजे पहिले लाइट बंद झाल्यावर महिन्याभरात, फेसबुकने 'झिरो' आवृत्ती काढली. ४५ देशांतल्या ५० मोबाइल कंपन्यांशी करार करून ती सुरू झाली. नुसता मजकूर, चित्रे वगळलेली, आणि ती पाहायला डेटाचे पैसे शून्य. चित्र पाहायचे असेल किंवा बाहेरच्या एखाद्या दुव्यावर जायचे असेल तर आधी सूचना येई, की आता पैसे पडतील. कल्पना करा : एखाद्याने बातमीचा दुवा लावला आहे. तुम्हाला मथळा फुकट दिसतो, मथळ्याखालची शंभर जणांची भांडणे फुकट दिसतात, फक्त मूळ बातमी विकत आहे. मग माणूस काय वाचेल? मला या आवृत्तीतली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. चित्रे वगळण्याला तांत्रिक कारण होते. बाहेरचे दार विकत ठेवणे हा व्यापारी करार होता. पण दोन्ही एकाच 'साधेपणा'च्या नावाखाली आले.

याचा परिणाम कुठवर जातो हे इंडोनेशियात दिसले. कोलंबोच्या 'लर्नएशिया' या संशोधन संस्थेच्या पाहणीत लोकांनी सांगितले, की आम्ही इंटरनेट वापरत नाही. नंतर त्याच वर्गातल्या लोकांशी गटात गप्पा केल्या, तर ते फेसबुकवर किती वेळ घालवतात हे उत्साहाने सांगू लागले. त्यांच्या दृष्टीने ते खोटे बोलत नव्हते. त्यांना मिळालेल्या खिडकीतून रस्ता दिसतच नव्हता. मग रस्ता आहे हे त्यांना कसे कळणार?

महाराष्ट्राचा या गोष्टीशी थेट संबंध आला तो फेब्रुवारी २०१५मध्ये. फेसबुकच्या पुढाकाराने सुरू झालेले 'इंटरनेट डॉट ऑर्ग' रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी भारतात आले, आणि ते ज्या मोजक्या दूरसंचार मंडळांत सुरू झाले त्यांत मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन होती. इंग्रजीशिवाय ज्या सहा भारतीय भाषांत ते होते त्यांत मराठीही होती. निवडक तीसेक संकेतस्थळे फुकट, बाकी इंटरनेटला नेहमीचे दर. इथे एका संकेतस्थळाचे सुलभीकरण राहिले नव्हते, अख्ख्या इंटरनेटची हलकी आवृत्ती काढली गेली होती. सप्टेंबरमध्ये तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. यात सामील व्हायचे तर संकेतस्थळाने काही अटी पाळायच्या : व्हिडिओ नको, मोठी चित्रे नकोत, जावास्क्रिप्ट नको, आणि पानासोबत स्वतःचा फाँट पाठवण्याची सोय नको. ही शेवटची अट वाचून मला जुने डबे आठवले. इंग्रजी संकेतस्थळाला या अटीने फरक पडत नाही; जिची अक्षरे वाचकाच्या फोनमध्ये असतील की नाही याची खात्री नाही त्या भाषेला पडतो.

डिसेंबर २०१५च्या अखेरीस मार्क झुकेरबर्ग यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहून या योजनेची बाजू मांडली. त्यात त्यांनी उदाहरण दिले ते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे : त्याने या सेवेवर हवामान पाहिले, बाजारभाव पाहिले आणि नव्या पिकांत गुंतवणूक केली. या शेतकऱ्याच्या वाट्याला आलेल्या फायद्यावर मी शंका घेणार नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडे मिळाले तर काय बिघडले, हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही, आणि त्या काळी पुण्या-मुंबईत बसून तो उडवून लावणाऱ्यांचा मला थोडा रागही येत असे. पण त्या शेतकऱ्याला हवामानाचे कोणते संकेतस्थळ दिसेल, हे त्याने ठरवलेले नव्हते. उद्या त्याच्या तालुक्यातल्या मुलांनी बाजारभावांचे याहून चांगले संकेतस्थळ काढले असते तर ते त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी आधी अटींतून जावे लागले असते आणि मग कंपनीच्या दारातून.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम केला : मजकूर कोणता आहे हे पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. मोडल्यास दिवसाला पन्नास हजार रुपये दंड, कमाल पन्नास लाख. त्याच आठवड्यात फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळले गेले. मला हा निर्णय तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. मात्र त्यानंतर त्या शेतकऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न आपण सगळेच सोयीने विसरलो असतो, जर सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले नसते. त्याआधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. जिओने आधी तो काही महिने फुकट वाटला आणि नंतर दिवसाला जीबीच्या हिशेबाने दिला. फुकट आवृत्तीच्या वादाला तात्त्विक उत्तर ट्रायने दिले आणि व्यावहारिक उत्तर बाजाराने. त्या दोन्हींत केवळ सात महिन्यांचे अंतर होते.

अशा आवृत्त्या घडवणाऱ्यांना त्यांच्या वापरकर्त्याच्या आयुष्याची किती कल्पना असते? ऑक्टोबर २०१५मध्ये फेसबुकने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'टू-जी मंगळवार' सुरू केला. मंगळवारी सकाळी कर्मचाऱ्याला विचारले जाई, की तासभर टू-जीच्या वेगाने ॲप वापरून पाहणार का? उपक्रम चांगलाच होता, त्याची थट्टा करायची नाही. पण तो ऐच्छिक होता आणि तासाभराने संपत होता. हलकी आवृत्ती निवडणे आणि हलक्या आवृत्तीत राहणे यांतला फरक मला याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

राहणाऱ्याची किंमत २०१९मध्ये दिसली. त्या वर्षी मार्चमध्ये फेसबुकने जाहीर केले, की कोट्यवधी लोकांचे पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत साठ्यांत सांकेतिक रूप न देता, कर्मचाऱ्यांना वाचता येतील असे पडून होते. बाहेरच्या कोणाला ते दिसल्याचा किंवा आत कोणी गैरवापर केल्याचा पुरावा नाही, असेही कंपनीने म्हटले. कोणाकोणाला कळवणार याचा अंदाज दिला तो असा : फेसबुक लाइटचे वापरकर्ते काही दशकोटी, फेसबुकचे इतर वापरकर्ते काही कोटी, आणि इन्स्टाग्रामचे काही दशसहस्र. हा उतरता क्रम पुन्हा वाचावा. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने या प्रकरणी सप्टेंबर २०२४मध्ये ९ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला. दंड केला तो युरोपातल्या नियामकाने. लाइट ॲप मात्र मुळात आले होते ते आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या मंद जाळ्यांसाठी. त्या वापरकर्त्यांपैकी किती जणांना आपल्याला पासवर्ड आहे हे तरी माहीत होते? आमच्या भागात कितीतरी खाती मोबाइलच्या दुकानात उघडली गेली आहेत. सिमकार्ड घेतले, रिचार्ज मारला, आणि 'दादा, फेसबुक पण टाकून दे' म्हटले की काम झाले. पासवर्ड बदला, असे त्या माणसाला कळवणे म्हणजे ज्या घराची किल्ली त्याच्याकडे नाही त्याचे कुलूप बदलायला सांगणे आहे.

आज चित्र पुन्हा बदलले आहे. डेटा स्वस्त झाल्यापासून लाइट घेण्याचे कारण डेटा राहिलेले नाही. फोनमधली जागा हे झाले आहे. लग्नाचे व्हिडिओ आणि सकाळच्या शुभेच्छांनी भरलेल्या बत्तीस जीबीच्या फोनवर आणखी एक जड ॲप मावत नाही, फोन 'हँग' होतो. आणि दुसरीकडे, २००९च्या त्या अमेरिकन वापरकर्त्याचे भाईबंद आपल्याकडेही तयार झाले आहेत. आमच्या वाचनालयाचे एक सभासद निवृत्त मुख्याध्यापक आहेत. मुलाने परदेशातून पाठवलेला महागडा फोन त्यांच्याकडे आहे, आणि त्यात ते हट्टाने लाइट वापरतात. मी कारण विचारले तर म्हणाले, 'अहो, यात माणसं काय लिहितात ते दिसतं. त्यात नुसती नाचतात.' दृष्टिहीन वापरकर्त्यांची गोष्ट आणखी वेगळी. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला संगणकावरचे पूर्ण फेसबुक वर्षानुवर्षे नीट वाचता येत नसे. म्हणून मोबाइलसाठी बनवलेले साधे संकेतस्थळच संगणकावर उघडावे, हा सल्ला ते एकमेकांना देत. ज्या आवृत्तीला कंपनी गरिबांची म्हणत होती ती यांच्यासाठी सर्वांत चांगली होती. साधेपणा हा गुण असू शकतो, हे कंपन्यांना अशा वापरकर्त्यांनी दाखवून दिले. तो गुण स्वतंत्रपणे जपावा असे मात्र फारसे कुणाला वाटलेले दिसत नाही.

कारण या आवृत्त्या टिकत नाहीत. सप्टेंबर २०१६मध्ये लिंक्डइनने भारत डोळ्यांपुढे ठेवून लाइट काढले, ते २०२२मध्ये संपले. त्याच महिन्यात दिल्लीत जाहीर झालेले 'यूट्यूब गो'ही २०२२मध्ये बंद झाले. मुख्य ॲपच आता साध्या फोनवर चांगले चालते, असे कारण दिले गेले. अँड्रॉइडवरचे मेसेंजर लाइट २०२३मध्ये गेले. फेसबुक लाइट मात्र प्ले स्टोअरवर शंभर कोटींहून अधिक डाउनलोडांचा आकडा मिरवत उभे आहे.

तर मग कोणते घ्यावे? फोन जुना असेल, मेमरी दोन-तीन जीबीची असेल, तर लाइट घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही. फेसबुकवर पान चालवून पापड-लोणची किंवा पुस्तके विकायची असतील, थेट प्रक्षेपण करायचे असेल, तर पूर्ण आवृत्ती सोयीची, कारण नव्या सोयी आधी तिथे येतात. डेटाची काळजी असेल तर ॲप न बदलताही पुष्कळ करता येते : पूर्ण ॲपच्या सेटिंगमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय आहे आणि व्हिडिओ आपोआप सुरू होणे बंद करता येते. नव्याण्णव टक्के लोक त्या पानावर कधी जातच नाहीत, असे मी अंदाजाने म्हणतो. तिसरा मार्ग ब्राउझरचा. ॲप न टाकता संकेतस्थळ उघडायचे. त्यात जागा लागत नाही, आणि ॲपला फोनमधले संपर्क, जागा, छायाचित्रे अशा ज्या परवानग्या आपण न वाचता देऊन टाकतो त्यांचा प्रश्नही बराच कमी होतो. केवळ वाचक म्हणून जाणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो. कोणते ॲप किती खाते हे कुणाचे ऐकून ठरवू नये. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपपुढे त्याने व्यापलेली जागा आणि महिन्याभरात वापरलेला डेटा लिहिलेला असतो. आठवडाभर एक, आठवडाभर दुसरे वापरून दोन आकडे शेजारी ठेवले की पुरते.

एक भीती बहुतेकांना असते, की आवृत्ती बदलली तर आपले फोटो जातील, मित्र जातील. तसे होत नाही. लाइट काढून पूर्ण ॲप टाकले किंवा उलट केले, तरी खाते तेच राहते. भिंतीवरचे सगळे जसेच्या तसे परत दिसते. पुन्हा आत शिरताना फक्त पासवर्ड लागतो. वाचनालयात अदलाबदल करायला येणाऱ्यांतले बरेचजण इथे थांबतात, मान खाजवतात आणि म्हणतात, 'काका, तो त्या मोबाइलच्या दुकानातल्या पोराला माहीत आहे.'